उपसंचालकांचे वजन

जंताची गोळी: चार किलोपर्यंत एक, चारच्या वर दीड.

जुन्या सुती शर्टाची शिवण आतून टोचते, म्हणून शर्ट उलटा घालावा. कुणी विचारलेच तर सध्या असेच घालतात म्हणून सांगावे.

पार्सलच्या अर्जावर ‘पाठवणारा’ आहे, ‘घेणारा’ आहे, ‘आतील वस्तू’ आहे. ‘परत घरी नेणार’ असा रकाना नाही.

मासा मांजराच्या बाहेर असो की आत, दोघांचे मिळून वजन तेवढेच.

मंगळवारी सकाळी साडेदहाला बाजारातली अकरा दुकाने एकदम बंद झाली. कुणीही वारले नव्हते.

“मी घरात नाहीये,” असे बायको म्हणाली आणि विणकाम घेऊन खिडकीपाशी बसली.

आता याचा त्याच्याशी काय संबंध, असे विचारले तर ग्रॅमसाहेब म्हणतील, संबंध आहे, पण मला क्रमाने सांगू द्या. त्यांना क्रमाने सांगू दिले तर रात्र होईल. म्हणून आपणच सांगू.

ग्रॅमसाहेब हे इमारतीने ठेवलेले नाव. वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. एकतीस वर्षे त्यांनी दुकानोदुकानी फिरून काटे तपासले, पोकळ वजने जप्त केली, आणि ‘अंदाजे’ हा शब्द ज्याने उच्चारला त्याच्याकडे असे पाहिले की तो माणूस पुढे आठवडाभर घरी मीठसुद्धा मोजून खाई. निवृत्तीच्या दिवशी खात्याची वजने परत केली, पण ती ज्यात नेत ती चामड्याची पेटी कुणी मागितली नाही. ती घरी राहिली.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या बरगड्यांवर नागीण उठली. पुरळ महिनाभरात गेले. पण काम संपल्याचे आतल्या नसेला कुणी कळवलेच नाही, त्यामुळे ती अजून हजेरी लावते. पाठीपासून छातीपर्यंत चार बोटे रुंदीचा पट्टा. त्यावर शर्टाची नुसती झुळूक लागली तरी तापलेला तवा टेकल्यासारखे होते. लोक मायेने पाठीवर हात फिरवायला आले की साहेब भिंतीला पाठ लावून उभे राहतात. लोकांना वाटते, माणूस तुसडा आहे.

नसांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना एक वही दिली होती. दिवसातून तीनदा, दुखणे शून्य ते दहापैकी किती, ते लिहायचे.

“दहा म्हणजे किती?” साहेबांनी विचारले.

“सहनच होणार नाही, इतकं.”

“माझं दहा आणि दुसऱ्याचं सहा सारखं असेल तर? मूळ प्रमाण ठेवलंय कुठे?”

“काका, मूळ प्रमाण तुम्हीच.”

“माझ्यावर शिक्का कुठाय?”

वही सहा महिने कोरी होती. आकडा नाही म्हणून डॉक्टरीणबाई औषध वाढवेनात आणि कमीही करेनात. साहेब तत्त्वाला चिकटून, शर्ट अंगाला चिकटू न देता बसत.

आणि मांजर. ते बोका होते. त्याला घरात ‘उपसंचालक’ म्हणत, आणि आदरार्थी बहुवचनाशिवाय त्याचा उल्लेख होत नसे. खात्यात साहेबांच्या वर एक उपसंचालक होते. समोर ठेवलेला कुठलाही कागद ते आधी हुंगत, मग बोटाने हळूहळू टेबलाच्या कडेकडे सारत. बोक्याने आल्या दिवशी दुधाच्या वाटीचे तेच केले. त्यानंतर नामकरणावर चर्चा झाली नाही.

उपसंचालकांना पाणी वाटीतले चालत नसे, वाहत्या नळाचे लागे. दार उघडले की ते उंबऱ्यावर उभे राहून विचार करीत. लावले की बाहेरच्या जगाची त्यांना ओढ लागे. ताटलीतला घास भिंतीकडच्या बाजूला असला तर ताटली फिरवून द्यावी लागे. हे सगळे बायको करी. साहेब देखरेख करीत.

तर मुलीचे दिवस भरत आले होते. ती दूरच्या गावी, घरात माणूस नाही, जावई फिरतीवर. बायकोने दोन महिने जायला हवे होते. सगळ्यांनी सुचवून झाले: साहेबांनी थोरल्या भावाकडे जावे, मांजर मेहुणीकडे ठेवावे. मेहुणीकडे दोन कुत्रे होते. थोरल्या भावाला सगळ्यांना मालिश करून देण्याची हौस होती. साहेबांनी दोन्हींची कल्पना केली आणि त्यांना घाम फुटला.

“मी राहीन एकटा,” ते म्हणाले. “मी आणि उपसंचालक.”

बायकोने डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर नेला. “पाच दिवस करून दाखवा. रविवार ते गुरुवार. मी घरात नाहीच असं समजायचं. जमलं तर जाते. नाही जमलं तर नाही जात, पोरीला तसं कळवते. पण मग कुणी चेहरा पाडून बसायचं नाही.”

म्हणजे प्रश्न साहेबांच्या अब्रूचा राहिला नव्हता. ते नापास झाले तर मुलगी एकटी पडणार होती.

रविवार बरा गेला. दूध एकदाच उतू गेले. दार एकेचाळीस वेळा उघडले. साहेबांनी मोजले होते. तिसऱ्यांदा ताटली फिरवायला वाकले तेव्हा शर्ट बरगडीवर घासला आणि ते स्वयंपाकघरात ‘आईगं’ म्हणून जे खाली बसले ते दहा मिनिटे उठले नाहीत. खिडकीपाशी विणकामाच्या सुया थांबल्या.

“तू नाहीयेस,” साहेब जमिनीवरून म्हणाले.

“मी कुठे काय म्हणाले?” असे म्हणून सुया पुन्हा सुरू झाल्या.

घरात ‘नसलेली’ बायको असली की शेजाऱ्यांना लगेच कळते. सोमवारी सकाळी समोरच्या शिकवणीच्या बाई आल्या. त्या आयुष्यभर मुलांना मुद्दे काढून देत आल्या होत्या. त्यांनी एकाच कागदावर मांजराची निगा आणि नसेची निगा असे दोन्ही मुद्दे काढून दिले, पण मथळे द्यायचे राहिले. कागदावर होते: कोमट शेक द्यावा. मोठ्याने बोलू नये. रोज विंचरावे. अंधाऱ्या कोपऱ्यात शांत बसू द्यावे. मनासारखे झाले नाही तर चावणे शक्य.

“यातलं माझं कोणतं?” साहेबांनी खिडकीकडे पाहून विचारले.

“मी असते तर सांगितलं असतं,” खिडकी म्हणाली. “शेवटचं तुमचं.”

मग वरच्या मजल्यावरचे विमावाले आले. त्यांच्याकडे कुठल्याही दुखण्यासाठी एक साडू असे. साडूची नस, साडूचे मांजर, साडूने काय केले. साडूने अंगाला काय काय लावले ते सांगत असतानाच उपसंचालक खोलीच्या मधोमध बसले आणि मागचा भाग जमिनीवर टेकवून पुढच्या पायांनी स्वतःला ओढत दारापर्यंत गेले.

“जंत,” विमावाले म्हणाले. “साडूच्यालाही झाले होते. म्हणजे मांजराला.”

जनावरांच्या डॉक्टरांना फोन लागला. डॉक्टर मोकळ्या स्वभावाचे होते. “गोळी देतो, औषधाच्या दुकानात सांगून ठेवतो. चार किलोपर्यंत एक, वर दीड. वजन किती आहे?”

इथे दुसरा कुणीही माणूस म्हणाला असता, असेल चारेक किलो. आणि ही गोष्ट इथेच संपली असती.

“माहीत नाही,” साहेब म्हणाले.

“अंदाजे सांगा ना.”

खिडकीपाशी बायकोने डोळे मिटून घेतले.

“डॉक्टर,” साहेब सावकाश म्हणाले, “सीमारेषा चारावर आहे, आणि तुम्ही मला अंदाज विचारता?”

“बरं, घरचा काटा असेल ना? मांजराला घेऊन उभे राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी करा.”

“घरचा काटा अर्धा किलो इकडेतिकडे दाखवतो. तोच दोनदा वापरून वजाबाकी केली तर चूक एक किलोपर्यंत जाईल. आणि मांजर छातीशी धरणं मला जमत नाही.” शेवटचे वाक्य त्यांनी जरा हळू म्हटले.

“मग इकडे घेऊन या.”

दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला. गाडीचा एकेक धक्का म्हणजे एकेक तवा. साहेब म्हणाले, “उद्या प्रमाणित वजन कळवतो,” आणि फोन ठेवला. ठेवताना त्यांचा ताठा दोन वर्षांत दिसला नव्हता इतका दिसत होता.

मंगळवारी सकाळी उपसंचालकांना पिशवीत घालण्याचे चार प्रयत्न झाले. टोपलीत ते बसले नाहीत. पिशवीत डोके घालून त्यांनी पिशवीच घरभर फिरवली. शेवटी साहेबांनी माळ्यावरची चामड्याची पेटी काढली, धूळ पुसायला उघडी ठेवली आणि फडके आणायला गेले. परत आले तर उपसंचालक पेटीत पथारी पसरून डोळे मिटून बसलेले. कुणी बस म्हटले नव्हते, म्हणूनच बसले असावेत.

साहेबांनी पेटीचे पट्टे सैलसर लावले, उलटा शर्ट झाकायला वर जुना कोट चढवला, पेटी उजव्या हातात घेतली आणि तीन मजले उतरून बाजाराकडे निघाले.

यात काही चुकले आहे हे त्यांच्या ध्यानातच आले नाही. एकतीस वर्षे ते याच कोटात, याच पेटीनिशी, याच वेळी त्या रस्त्यावर आले होते.

पहिल्या किराणावाल्याने त्यांना पाहिले. त्याच्या हातातले माप हातात राहिले. “आले!” एवढेच तो ओरडला. मग एकामागून एक पत्रे धडाधड खाली आले. कुणी काटा पोत्यांमागे ढकलला, कुणी अर्धवट तोललेली साखर गिऱ्हाइकाच्या ओंजळीत ओतली. भाजीवाल्याने तराजूवर स्वतःच बसकण मारली. दोन मिनिटांत रस्ता असा झाला की वाऱ्याने उडणाऱ्या कागदाचा आवाज यावा.

साहेब मधोमध उभे. आधी, खरे सांगायचे तर, त्यांना थोडे बरे वाटले. अजून वचक आहे. मग तितके बरे वाटेना. आयुष्यात पहिल्यांदा ते या रस्त्याकडे काही मागायला आले होते.

“अहो, मी निवृत्त झालोय!” ते बंद दारांना म्हणाले.

“तसंच म्हणणार!” एका पत्र्यामागून आवाज आला.

एकच जागा उघडी होती. कोपऱ्यावरच्या मासळीवाल्या मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांच्यापुढे वर पसरट ताट आणि समोर घड्याळासारखी तबकडी असलेला काटा.

“काय साहेब, परत घेतलं का कामावर? का घरी कुणी विचारत नाही?”

“मावशी, सरकारी काम नाही. वजन करायचंय.”

“कशाचं?”

साहेबांनी पेटी टेकवून पट्टा सोडला. उपसंचालकांनी मान बाहेर काढली, वारा हुंगला, आणि आजवरच्या आयुष्यात कुणाच्याही सांगण्यावरून जे केले नव्हते ते आपण होऊन केले. ते थेट काट्याच्या ताटात जाऊन बसले. ताटात एक मासा आधीच होता.

“अगं बाई! माझं तोललेलं!” मावशी ओरडल्या.

“थांबा! हात लावू नका!” साहेब तबकडीवर झुकले. मासा ताटातून झपाट्याने उपसंचालकांत चालला होता, पण काटा जागचा हलत नव्हता. साहेबांना हे ठाऊक होते, तरी डोळ्यांनी पाहताना हसू आले. “मासा किती होता?”

“तीनशे. बरोब्बर तीनशे. माझा काटा खोटं बोलत नाही.”

आता फक्त वजा करायचे. साहेबांनी आकडा वाचला. आणि मग, एकतीस वर्षांच्या सवयीने, त्यांची नजर तबकडीच्या खालच्या कोपऱ्यातल्या शिक्क्याकडे गेली.

शिक्क्याची मुदत एकोणीस दिवसांपूर्वी संपली होती.

“मावशी,” ते खोल आवाजात म्हणाले, “हे वजन मला घेता येणार नाही.”

“का? जास्त भरला का बोका?”

“शिक्का शिळा झालाय.”

मावशींनी आधी साहेबांकडे पाहिले, मग बोक्याकडे, मग माशाच्या उरलेल्या शेपटीकडे. “वजन झालं. मासा गेला. बोका समोर बसलाय. आणि तुम्हाला घेता येत नाही?” मग त्या इतक्या हसल्या की पत्र्यांमागची दोनचार माणसे बाहेर डोकावली. “जा साहेब, पोस्टात जा. तिथे सगळं ताजं असतं, माणसं सोडून.”

पोस्टात इलेक्ट्रॉनिक काटा होता आणि शिक्का खरोखरच ताजा होता. खिडकीमागचा कारकून जांभई देत होता.

“नुसतं वजन होत नाही. अर्ज भरा.”

“मला काही पाठवायचं नाहीये.”

“पाठवायचं नाही तर पोस्टात कशाला आलात?” हा मुद्दा बिनतोड होता. साहेबांनी अर्ज घेतला. पाठवणाऱ्याचे नाव घातले, घेणारा म्हणून पुन्हा स्वतःचेच. ‘आतील वस्तू’पाशी पेन थांबले. खोटे लिहिणे शक्य नव्हते.

“आत काय आहे?” कारकून.

“उपसंचालक.”

कारकून ताठ झाला. “कोणत्या विभागाचे?”

पेटीतून एक लांबलचक, असमाधानी आवाज आला.

“जिवंत चालत नाही,” कारकून पुन्हा सैल होत म्हणाला. “आणि घेणाऱ्याचा पिनकोड घातल्याशिवाय मशीन आकडा दाखवतच नाही. आणि तोच पत्ता दोन्हीकडे घातला तर मशीन अडतं. मागचे या.”

मागचे आले. मागच्यांच्या हातात मोठे खोके होते आणि खोक्याचा कोपरा साहेबांच्या डाव्या कुशीला ओझरता लागला. अगदी ओझरता.

त्यानंतर काही वेळ पोस्ट, कारकून, रांग असे काही नव्हते. फक्त कुशीवरचा तो पट्टा होता. साहेब भिंतीकडच्या बाकावर कसे पोचले ते त्यांना आठवत नाही. कपाळावरून घाम गळत होता. पेटी मांडीवर होती. कुणीतरी ‘पाणी देऊ का’ म्हणाले, त्यांना मान हलवता आली नाही. आणि त्या सगळ्यात एकच विचार घिरट्या घालत होता: नाही जमले. मंगळवार, फक्त मंगळवार, आणि नाही जमले. आता ती जाणार नाही. पोर तिकडे एकटी.

पेटीचा पट्टा सुटला होता. उपसंचालक बाहेर आले. त्यांनी साहेबांच्या मांडीची पाहणी केली, ती नापसंत केली, कोटाच्या आत शिरले आणि नेमके डाव्या कुशीवर, बरगडीला अंग टेकून, सगळा भार टाकून बसले.

साहेबांनी ओरडायला तोंड उघडले आणि तसेच उघडे ठेवले. तवा टेकला नव्हता. जड, ऊबदार, एका जागी थांबलेले असे काहीतरी होते, आणि त्याच्याखाली ती नस हळूहळू गप्प होत होती. दोन वर्षे घरची, दारची, डॉक्टर मंडळी, सगळे त्या जागेला जपून, अलगद, फुंकर घातल्यासारखे हात लावत होते. साहेब स्वतःही. एकदा दाबून पाहावे, हे कुणाच्याही डोक्यात आले नव्हते. शेपटी लागली की अजून चटका बसत होता, म्हणून साहेबांनी शेपटी मुठीत धरून ठेवली. उपसंचालकांनी ही सवलत दिली.

दहा मिनिटे गेली. श्वास जागेवर आला. आणि साहेबांच्या उजव्या हाताने, जो बोक्याच्या पोटाखाली होता, आपणहून काम केले. या हाताने एकतीस वर्षे वजने उचलली होती. पोकळ वजन काट्यावर जाण्याआधीच या हाताला कळत असे. हाताने जरा वर उचलले, जरा तोलले.

साहेबांनी बाकावरूनच फोन लावला.

“डॉक्टर, चारच्या वर आहे. चार किलो दोनशे. अंदाजे.” शेवटच्या शब्दावर घसा खाकरला.

“मग दीड गोळी. कशावर केलंत हो वजन?”

“हातावर.”

“मी काल हेच तर म्हणत होतो!”

“काल मी बरोबर धरलं नव्हतं,” साहेब म्हणाले.

परत येताना औषधाचे दुकान झाले. गल्लीच्या टोकापर्यंत ते बरे चालले, पण पहिल्या मजल्याच्या जिन्यात पेटी जड व्हायला लागली. तिथे पायरीवर बायको बसली होती, मांडीवर लोकरीचे टोपडे.

“मी इथे नाहीये,” ती घाईने म्हणाली. “खिडकीत उजेड कमी होता.”

“बरं,” साहेब म्हणाले. पुढचे दोन मजले पेटी कुणी नेली हे विचारायचे नाही, असे दोघांनीही ठरवले.

बुधवार गोळीचा. शिकवणीच्या बाईंच्या सल्ल्याने गोळी खाण्यात कालवली. उपसंचालकांनी खाणे संपवून गोळ्या ताटलीत एका रांगेत मांडून ठेवल्या. विमावाल्यांनी साडूच्या पद्धतीने त्यांना टॉवेलमध्ये गुंडाळले. टॉवेल शिल्लक राहिला आणि विमावाल्यांचा हात बांधावा लागला. दुपारी मासळीवाल्या मावशींचा निरोप आला, कुठल्याशा गिऱ्हाइकाबरोबर: काटा पास करून आणलाय, आता या आणि बोक्यालाही आणा, आणि गोळी घालायची तर माशाच्या तुकड्यात घाला आणि तो तुम्ही खाताय असं दाखवा. साहेबांनी खुर्चीत बसून तुकडा तोंडाजवळ नेला, ‘वा, वा’ म्हणाले. पुढच्या क्षणी तुकडा नव्हता. दुसरा तुकडा अर्ध्या गोळीचा. त्यातली गोळी नंतर साहेबांच्या चपलेत सापडली, तीही तिसऱ्या तुकड्यातून गेली.

त्या दिवशी दुपारी साहेब आरामखुर्चीत टेकले, उपसंचालकांना कुशीवर घेतले, शेपटी मुठीत धरली, आणि वही उघडली. पेन्सिलीने लिहिले: ‘दहापैकी: सकाळी सात. आत्ता चार.’ बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहिले. खोडरबर समोरच होते. ते उपसंचालकांनी पंजाने सारत सारत खाली पाडले.

गुरुवारी डॉक्टरीणबाईंना फोनवर आकडे वाचून दाखवले. बाई एकदम खूश झाल्या, औषध बदलून देते म्हणाल्या, आणि आणखी सात दिवसांचे आकडे मागितले. साहेब म्हणाले, देतो.

गुरुवारी संध्याकाळी बायकोने सुया गुंडाळल्या, उठली, दार उघडून बाहेर गेली आणि लगेच आत आली.

“आले मी,” ती म्हणाली.

“प्रवास कसा झाला?”

“बरा झाला. तुमचं कसं चाललं होतं?”

साहेबांनी क्रमाने सांगितले. दूध तीनदा उतू गेले. एक भांडे करपून टाकावे लागले. दुकानांचे सांगितले. पोस्टातले सांगताना थोडे अडखळले, पण वगळले नाही.

“घाबरलात?”

“हो. बाकावर बसलो तेव्हा. वाटलं, सगळं बारगळलं. उतरतं ते. आधी माहीत नव्हतं. दुखतं, मग उतरतं. तेवढं बसून राहायचं.”

“मग जाऊ ना मी?”

“जा.”

“खरंच? चेहरा पाडून नाही ना?”

“चेहऱ्याचं मला दिसत नाही. तू सांग.”

बायकोने चष्मा कपाळावर नेऊन नीट पाहिले. तेवढ्यात उपसंचालक दाराशी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हाक दिली. बायको सवयीने उठू लागली. साहेब तिच्या आधी उठले, एक हात कुशीवर घट्ट दाबून, आणि दार उघडले. उपसंचालक उंबऱ्यावर उभे राहून विचार करू लागले. साहेबही उभे राहिले. घाई नव्हती.

मुलीकडचे तिकीट तिने परीक्षेच्या रविवारच्या तीन आठवडे आधीच काढलेले होते.